चुकीच्या जागी घेतलेला श्वास

नळकाकांच्या तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य एका वायसरबद्दल होतं.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातल्या बेसिनचा नळ ठिबकत होता. वॉर्डबॉयनं तो दोन्ही हातांनी करकचून आवळला. काका स्ट्रेचरवर आडवे होते, अंगात हिरवा झगा. स्ट्रेचर दारापर्यंत आलं होतं. त्यांनी हात वर करून ते थांबवायला लावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अहो, एवढा आवळू नका. वायसर जाईल."

मग त्यांना आत नेलं.

बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. शेजारी सुतार, काकांचा लहानपणापासूनचा मित्र.

"जाताना देवाचं नाव घेतलं का हो, भाऊजी?" काकूंनी विचारलं.

"वायसरचं घेतलं," सुतार म्हणाला.

काकूंना हसू आलं. हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि मग बराच वेळ तो तिथून काढलाच नाही.

घशात गाठ होती. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून सगळं समजावलं होतं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. यापुढे श्वास नाकातून नाही, गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा. काकांनी चित्र नीट पाहिलं.

"म्हणजे लाईन वळवणार तुम्ही."

"हो. तसंच समजा," डॉक्टर म्हणाले.

काकांना काम समजलं. कामाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. अडचण दुसरीच होती. गल्लीच्या टोकाला प्रार्थनाघर होतं आणि तिथली दर आठवड्याची प्रार्थना काका सांगत. ते ओळ उचलत, मागून सगळे. गल्लीतल्या लोकांना प्रार्थना पाठ होती ती काकांच्या आवाजासकट. आवाज काही गोड नव्हता. "पाईपात खडा अडकल्यासारखा आहे," असं सुतार सगळ्यांसमोर म्हणायचा. पण अंधारात जिना चढताना कठड्याला धरावं, तसं त्या आवाजाला धरून चालता येई.

आणि त्या प्रार्थनेत एक चूक होती.

ओळ अशी होती: "अंधार झाला तरी, हात तुझा सुटू नये." कुणीही शहाणा माणूस 'तरी' म्हणून थांबेल. या गल्लीत तिथे कुणी थांबत नसे. थांबत 'हात तुझा'वर. चांगला लांब श्वास. मग पुढे, "सुटू नये." बाहेरून आलेला पाहुणा तिथे हमखास तोंडघशी पडायचा. सगळं घर गप्प आणि त्याचं एकट्याचं "सुटू नये" भिंतींवर आपटून परत यायचं. मुलं हसू दाबत एकमेकांना कोपरानं ढोसायची.

ही चूक काकांची होती.

ते तेव्हा कुणाचे काका नव्हते. वडिलांच्या हाताखाली नळकाम शिकून तयार झालेला, लग्नाला आलेला तरुण. धाकटा भाऊही त्याच कामात. पाण्याची मोठी लाईन टाकायला गल्लीमागे खोल चर खणला होता. गल्लीतली बरीच माणसं त्या कामावर होती. एका दुपारी चराची एक बाजू सरकली. काका वर होते, धाकटा खाली. काकांनी पालथं पडून मातीत हात घातला. धाकट्याचा हात सापडला. तो त्यांनी धरला. मग माती पुन्हा सरकली.

याबद्दल काका कधी बोलले नाहीत. "हात ओला होता," एवढंच एकदा सुताराला म्हणाले होते.

गल्लीतल्या कितीतरी घरांतलं माणूस त्या दिवशी गेलं. प्रार्थना सांगणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांचा मुलगाही गेला. संध्याकाळी सगळे प्रार्थनाघरात जमले ते प्रार्थनेसाठी नव्हे. घरात बसवत नव्हतं म्हणून. आजोबा उभे राहिले, पण त्यांचं तोंड उघडेना. त्यांनी समोर बसलेल्या काकांकडे पाहिलं.

"तू म्हण."

"मला नाही येत, आजोबा."

"येते सगळ्यांनाच. कुणीतरी सुरू करायचं असतं, एवढंच."

काकांनी सुरू केलं. कसेबसे 'हात तुझा'पर्यंत आले आणि पुढचे शब्द निघेनात. तोंड उघडं, आवाज नाही. सगळं घर थांबलं. ते शब्द त्यांच्याआधी म्हणायचा कुणाला धीर झाला नाही. मग मागच्या रांगेतून काकांची आई म्हणाली, "सुटू नये." अगदी साध्या आवाजात. दार लोटून घे म्हणावं तशी. तिच्यामागून सगळे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात काका सावध होते. तरी त्या जागी आल्यावर श्वास अडकलाच. लोक थांबले. त्यानंतरच्या आठवड्यातही तेच. पुढे अडकणं संपलं, थांबणं राहिलं. आजोबा गेले, आई गेली. नंतर जन्मलेल्या मुलांना कारण ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, प्रार्थना अशीच असते.

गल्लीवर पुढेही कमी प्रसंग आले नाहीत. बाटल्यांचा कारखाना बंद पडला आणि घरोघरचे पुरुष भर दुपारी उंबऱ्यात बसलेले दिसू लागले. एकदा तापाची साथ आली. कुणाचा नवरा घर सोडून गेला. लोक काकांकडे येत, आपलं गाऱ्हाणं सांगत आणि काका कान खाजवत म्हणत, "मला त्यातलं काही कळत नाही. प्रार्थनेला ये. म्हणू." सल्ला म्हणून त्यांच्याकडे एवढंच होतं. पण लोक येत. प्रत्येकजण आपापलं दुःख त्या चुकीच्या थांब्यापाशी आणून टेकवी, श्वासभर तिथे ठेवी आणि मग उचलून घरी नेई. दुःख तेवढंच असे. पण एकदा खाली टेकवलेलं ओझं पुन्हा उचलायला जरा सोपं जातं.

प्रार्थनेला कोण आलं नाही, हे काकांना डोळे मिटून कळे. नेहमीच्या आवाजांत एक जागा रिकामी ऐकू येई. संपल्यावर ते थेट त्या घरी जात. जायला निमित्त हवं म्हणून नळ तपासत. कारखाना बंद झाला त्या वर्षी गल्लीतला एकही नळ गळत नव्हता, असं सुतार आजही सांगतो.

असा तो आवाज. तो आता डॉक्टर काढून घेणार होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. काका घरी आले. गळ्यावर पांढरं फडकं, त्यामागे भोक. श्वास घेतला की घरघर ऐकू येई. किटलीला उकळी फुटायच्या आधी येते तशी. बोलण्यासाठी एक पाटी आणली होती.

"इतकी वर्षं मी बोलायचे आणि तुम्ही न ऐकल्यासारखं करायचात," काकू म्हणाल्या. "आता तुम्ही लिहा. मी न वाचल्यासारखं करते."

काकांनी लिहिलं, "चहा."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग काका हसले. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. काकूंनी ते हलणारे खांदे पाहिले आणि चहा टाकायला आत गेल्या. तिथे त्यांना जरा वेळ लागला.

गल्लीनं काकांना एकटं सोडलं नाही. जेवणाचे डबे आले. सुतारानं पलंगाला तिरकी फळी बसवली, कारण आडवं झोपलं की श्वास कोंडायचा. आणि दर आठवड्याला प्रार्थना संपली की कुणी ना कुणी दारात हजर. एकजण पंखा तपासायला आला. पंखा मजेत फिरत होता. दुसरीनं खिडकीची कडी हलवून बघितली आणि म्हणाली, "ठीक आहे वाटतं." काकांच्या लक्षात आलं. ही विद्या कुणी शिकवली, हेही लक्षात आलं.

पण ते स्वतः प्रार्थनाघरात गेले नाहीत.

"देवाशी भांडलास काय रे?" एकदा सुतारानं विचारलं.

काकांनी मान हलवली. नाही.

"मग? आम्ही तरी काय मोठं करतो तिथे? यायचं नि बसायचं. म्हण म्हणतंय कोण तुला."

काकांनी पाटीवर एक शब्द लिहिला. "घरघर." मग फडक्यावर बोट ठेवलं. पुसून पुन्हा लिहिलं, "तिथे शांत असतं. सगळे हेच ऐकतील."

सुतारानं पाटी वाचली. ती पुसून परत काकांच्या हातात दिली.

सकाळी काका खिडकीशी बसून एकटेच ओठ हलवत. सवय मोडली नव्हती. 'हात तुझा'पर्यंत येत आणि थांबत. पण बरोबर थांबणारं कुणी नसलं की थांबणं म्हणजे नुसतं अडून राहणं. पुढची ओळ उचलायला जोर येत नसे. एका सकाळी त्यांनी पाटीवर "का" असं लिहिलं आणि पायरव ऐकून झटकन पुसलं. काकूंनी पाहिलं होतं. त्या घड्या करायचे कपडे मांडीवर घेऊन शेजारी बसल्या.

"तुम्हाला काय वाटतं," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं देव तुमचा आवाज ऐकायला येत होता? तो आवाज? त्याला आतलं ऐकू येत असणार. नाहीतर केव्हाच गाव सोडून पळाला असता."

काकांचे खांदे हलले. पण संध्याकाळी ते गेले नाहीतच.

तिकडे प्रार्थनाघरात दोन गोष्टी बिघडल्या होत्या.

एक म्हणजे प्रार्थना. ती आता शाळेतल्या बाई सांगत. बाई गल्लीत नवीन राहायला आल्या होत्या. आवाज स्वच्छ, मन मोकळं. लोकांनी गळ घातली म्हणून त्या तयार झाल्या. प्रार्थना त्यांना लहानपणापासून येत होती. त्या ती बरोबर म्हणत आणि तिथेच घोटाळा होई. बाई 'तरी'नंतर थांबून पुढे जात, तेव्हा अर्धे लोक 'हात तुझा'वर श्वास घ्यायला थांबलेले असत. उरलेले बाईंचा मान राखायला त्यांच्यामागे धावत. सगळी गाडी रुळावरून घसरे. बाई लाल होत, पुन्हा ओळ उचलत.

"अहो, मग सांगा ना त्यांना," काकू सुताराला म्हणाल्या.

"काय सांगू? बाई, जरा चुका म्हणून?"

दुसरा बिघाड नळाचा होता. दाराशी हात धुवायचा नळ होता, तो गळू लागला. शेजारच्या रस्त्यावर दुसरा नळवाला होता. त्याला बोलवावं असं एकदा कुणीतरी म्हणालं, तर बाकीचे त्याच्याकडे असे बघू लागले की तो बिचारा पुढे महिनाभर मागच्या रांगेत बसला. काकांच्या प्रार्थनाघरात दुसरा नळवाला? आणि आजारी माणसाला सांगायचं तरी कसं? म्हणून नळाखाली बादली ठेवली. ती भरली की कुणीतरी रिकामी करी. प्रार्थना चालू असताना टपटप ऐकू येऊ लागली तेव्हा बादलीत फडकं टाकलं. सुतारानं बादलीसाठी लाकडी चौरंग करून दिला, चांगला रंधा मारून, कडा गोल केलेला. नळ दुरुस्त करणं तेवढं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल तर बोलायचं धाडस झालं नाही.

शेवटी ओल भिंतीवर चढली. काकूंनी घरी येऊन सांगितलं. "नळ गळतोय हे मी बोलले नाही. पण आता भिंत फुगली."

काका एकदम उठून बसले. पाटीवर लिहिलं, "कधीपासून?" काकूंनी सांगितलं. काकांनी लिहिलं, "बादली?" काकूंनी मान डोलावली. "चौरंगावर," त्या म्हणाल्या.

काकांनी कपाळाला हात लावला. मग हत्यारांची पिशवी काढली.

ते दुपारी गेले. प्रार्थनाघर रिकामं होतं. लोक यायच्या आत काम उरकून निघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. गल्लीचा मेन कॉक बंद केला, नळ सोडवला. पण दुखणं नळात नव्हतं. भिंतीत पाईप वळतो तिथला एल्बो गंजून आटे झिजले होते. पलस्तर फोडावं लागलं. पूर्वी हे काम त्यांनी गाणं गुणगुणत केलं असतं. आता थोडा जोर लावला की दम लागे, फडक्याआड घरघर वाढे, बसावं लागे. जुना एल्बो निघेपर्यंत उन्हं कलली. दारात चपलांचा आवाज येऊ लागला.

नळाची जागा लाकडी आडोशामागे होती. तिथून कुणाला न दिसता बाहेर पडता आलं असतं. पण भिंतीतली लाईन उघडी आणि सगळ्या गल्लीचं पाणी बंद. असं काम टाकून जाणारा माणूस काकांनी आयुष्यात नळवाला मानला नव्हता. ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले. फडकं गळ्याशी दाबून धरलं. पलीकडे बाईंनी सुरुवात केली.

काकांनी डोळे मिटले. आवाज ओळखीचे होते. कोण आलंय, कोण नाही, सगळं कळत होतं. सुतार नेहमीसारखा अर्धा सूर खाली. मुलं भरधाव. काकू, बारीक आणि ठाम. किती दिवसांनी हे एकत्र ऐकत होते ते.

"अंधार झाला तरी," बाई म्हणाल्या. थांबल्या. "हात तुझा…"

आणि नेहमीप्रमाणे घोटाळा झाला. काही थांबले, काही पुढे गेले, मग तेही कचरून मधेच थांबले. बाईही थांबल्या. त्या गोंधळाच्या तळाशी क्षणभर शांतता झाली.

आडोशामागे काकांचा हात फडक्यावरून निघाला. त्यांनी काढला नाही, निघाला. इतक्या वर्षांची सवय. त्या जागी त्यांनी श्वास घेतला.

घरघर सगळ्या प्रार्थनाघरात ऐकू गेली. लांब, खडबडीत. पाईपात खडा अडकल्यासारखी.

कुणी मान वळवली नाही. कुणी हललंही नाही. सुतारानं मात्र डोळे उघडले. काकूंनी समोरच्या बाकाची कड धरली. काकांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. पण सगळे आपल्यासाठी थांबलेत, हे त्यांना ऐकू आलं. आपण श्वास पुरा करेपर्यंत कुणी पुढे जाणार नाही, हेही.

त्यांनी तो पुरा केला. सोडला.

"सुटू नये," सगळे म्हणाले. एकही माणूस मागे नाही, एकही पुढे नाही.

संपल्यावर बाई आडोशापाशी आल्या. मागे सगळी गल्ली.

"काका, इथे थांबायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही हो."

"तुम्ही विचारलं नाहीत," सुतार म्हणाला.

"अहो, चुकतंय कुठे ते तरी कळायला नको का मला?"

"चुकत नव्हतात ना बाई. तीच तर पंचाईत."

बाईंना हसू आलं. मग काकूंनी त्यांना सांगितलं. चर, धाकटा, आईचं ते म्हणणं. सगळं थोडक्यात सांगितलं. पुष्कळ मुलंही ते पहिल्यांदाच ऐकत होती. काकांचा मळलेला हात बाईंनी दोन्ही हातांत धरला.

काकांची पाटी घरी राहिली होती. त्यांनी सुताराच्या कानामागची पेन्सिल काढली आणि आडोशाच्या फळीवर लिहिलं, "बाजूला व्हा. गल्लीला पाणी नाही."

त्या फळीवर सुतारानं रंधा फिरवला नाही. अक्षरं अजून आहेत.

तेव्हापासून काका पुढच्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसतात. बाई प्रार्थना सांगतात. 'हात तुझा' म्हणतात आणि थांबतात. घरघर येते, जाते. मग सगळे पुढे जातात. नवीन मुलं पहिल्या दिवशी दचकतात, दुसऱ्या आठवड्यात त्या आवाजाची वाट बघू लागतात.

त्याच वर्षाच्या शेवटी सुताराची बायको गेली. दुखणं आठ-दहा दिवसांचं. सुतार दोन आठवडे घराबाहेर पडला नाही. त्याच्या घरचा नळ काकांनी रोज तपासला. तिसऱ्या आठवड्यात सुतार प्रार्थनेला आला, आपल्या नेहमीच्या जागी बसला आणि मान खाली घातली. त्याचा खालचा सूर त्या दिवशी प्रार्थनेत नव्हता.

बाई 'हात तुझा'पर्यंत आल्या. थांबल्या. सगळे थांबले.

घरघर आली नाही.

काका सुताराच्या वाकलेल्या मानेकडे पाहत होते. त्यांनी श्वास रोखून धरला होता. लोक वाट पाहत होते. एखादं मूल चुळबुळलं, आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. काकांचा चेहरा लाल होऊ लागला, गळ्याच्या शिरा वर आल्या. काकूंनी ते पाहिलं. इतका लांब थांबा त्या घरानं कधी पाहिला नव्हता.

बऱ्याच वेळानं सुतारानं मान वर केली. ओल्या डोळ्यांनी मित्राकडे पाहिलं.

"घे रे आता," तो हळूच म्हणाला. "तू पण जाशील."

काकांनी श्वास घेतला.

घरघर प्रार्थनाघरभर फिरली आणि विरली. तरी बाई बोलल्या नाहीत, काकू बोलल्या नाहीत, कुणीच बोललं नाही. ती जागा त्यांनी सुतारासाठी ठेवली होती.

"सुटू नये," सुतार म्हणाला. साध्या आवाजात, दार लोटून घे म्हणावं तसा.

मग सगळे म्हणाले.